स्टेप टेस्टमध्ये ८६, आणि तरीही

आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या सकाळी धावणाऱ्या मंडळींत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, रोज आठ-दहा किलोमीटर पळणाऱ्याला हृदयाची तपासणी हवीच कशाला? दुसरा पक्ष कुणीतरी पळताना कोसळल्याची बातमी वाचतो आणि पुढचे काही दिवस घरातच बसतो. दोघांनाही एकदाच काय ते दाखवून द्यायचं, असं आमच्या सरांनी मनावर घेतलं. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. गळ्यातली शिटी निवृत्तीनंतरही उतरलेली नाही. त्यांच्या जोडीला आमच्यातच धावणाऱ्या एक डॉक्टर. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण सगळे त्यांना डॉक्टरताईच म्हणतात. सरांना सगळ्यांची बाकावर चढउतार करायची स्टेप टेस्ट घ्यायची होती आणि ताईंना टेस्टच्या आधी काही जणांना अडवायचं होतं. या ओढाताणीतून जे उभं राहिलं त्यातून मी गेले, त्याची ही हकीकत.

दवाखान्यातली रीत बहुतेकांना ऐकून माहीत असते. छातीला तारा चिकटवतात, सरकत्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, चालवतात, दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली बसवलेला हा क्रम आजही जगभर चालतो. तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजायची तपासणी त्याहून खर्चाची. आमच्यात विमा कार्यालयातल्या माझ्यासारख्या आहेत, रिक्षा चालवणारे आहेत, खो-खो खेळणारी कॉलेजची पोरं आहेत, साठी ओलांडलेले काका-काकू आहेत. एवढ्या सगळ्यांना पट्ट्यावर चढवणं कुणाच्या खिशाला परवडणार? मग बाक, स्टॉपवॉच, धावपट्टी, बीपीचं यंत्र आणि बॅगेत मावणारं ईसीजीचं मशीन एवढ्यावर काय काय कळू शकतं ते बघायचं ठरलं.

सुरुवात मैदानावर नव्हती, अंथरुणात होती. तपासणीच्या आधी काही दिवस रोज सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या, मोबाइलच्या आणि बाथरूमच्याही आधी, नाडी मोजून लिहून ठेवायची. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची आणि पुरं एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. अंगठ्याने मोजायचं नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. मानेवरची सापडायला सोपी, पण दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत आणि उतारवयात जोर तर मुळीच द्यायचा नाही. माझे आकडे ५३ ते ५६ च्या दरम्यान आले. एका सकाळी एकदम ६४. आदल्या रात्री लग्नाचं जेवण आणि जागरण झालं होतं, त्याशिवाय दुसरं काही कारण सापडेना. ताई म्हणाल्या, एकटा आकडा वाचायचा नाही, आपला नेहमीचा आकडा माहीत असला की मग वाढ कळते. ताप, अपुरी झोप, जास्तीचा सराव या सगळ्यांचा पहिला निरोप तिथे येतो. आणि ताप असेल तर धावायचंच नाही, यावर त्या फारच कडक आहेत. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि तशात दमवलेलं हृदय दगा देऊ शकतं.

साठच्या खाली ठोके म्हणजे आजार, असं आमच्या एका काकूंना वाटत होतं. त्यांचे ५१. वर्षानुवर्षं धावणाऱ्या, पोहणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून विश्रांतीत त्याला कमी ठोके पुरतात. चांगल्या खेळाडूंत चाळिशीतले आकडेही नवलाचे नाहीत. व्यायाम न करणाऱ्याला चक्कर येते आणि ठोके पंचेचाळीस आहेत, ही मात्र निराळी गोष्ट. खेळाडूंचं हृदय मोठं असतं हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते १८९९ मध्ये, स्वीडनमध्ये. हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी बर्फावरून स्की घालून लांब पल्ला कापणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजावरून हृदयाची कड शोधली होती. ना इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ना एक्स-रे. हे ऐकून सर इतके खूष झाले की त्या दिवसापासून मशीनचं नाव काढलं की त्यांचं "हेन्शेनकडे काय होतं?" सुरू.

तपासणी एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. आदल्या दिवशी लांब धाव नको, सकाळी चहा-कॉफी नको, तंबाखू तर नकोच, पोटात फार तर एखादं केळं. दारातच टेबल आणि टेबलावर फॉर्म. ताईंचा नियम असा की फॉर्म भरून त्यांच्याशी बोलल्याशिवाय बाकाला पाय लावायचा नाही.

फॉर्म त्यांनी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या चौदा मुद्द्यांवरून मराठी-गुजरातीत करून घेतला होता. सात मुद्दे स्वतःबद्दल: श्रम करताना छातीत दुखणं किंवा दाटणं, शुद्ध हरपणं, मानाने जास्त धाप लागणं, धडधड, बीपी, पूर्वी कुणी छातीत आवाज ऐकू येतो असं सांगितलं होतं का, पूर्वी कुणी खेळायला मनाई किंवा हृदयाची तपासणी सांगितली होती का. तीन मुद्दे घराण्याबद्दल. उरलेले चार डॉक्टरांनी तपासायचे. मूळ यादी तिकडच्या शाळा-कॉलेजातल्या खेळाडूंसाठी केलेली आहे, म्हणून ताईंनी आमच्यासारख्या चाळिशीपुढच्यांसाठी साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि चालू गोळ्या हे खाली जोडलं.

हा भाग मला सगळ्यात करमणुकीचा वाटला आणि नंतर सगळ्यात महागात पडला तोही हाच. माणसं फॉर्ममध्ये परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतात. एक काका, वय ६१, गुडघ्याला पट्टा, सगळीकडे "नाही"वर खूण करत सुटले होते. मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, जिना चढताना मध्येच थांबता आणि छातीवर हात ठेवता, ते लिहा की."

"ते गॅसचं आहे."

"मग गॅसचं म्हणून लिहा, पण लिहा."

ताईंनी ते ऐकलं. काकांना त्यांनी समोर बसवलं, शांतपणे चार प्रश्न विचारले. किती जिने चढल्यावर? थांबलं की जातं का? जेवणानंतर जास्त होतं का? हातात, जबड्यात काही? मग काकांच्या फॉर्मवर त्यांनी लाल पेनाने आडवी रेघ मारली. काकांना त्या दिवशी धावणं नाही, बाक नाही. श्रमाने येणारं आणि थांबलं की जाणारं दाटणं हे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हृदयाचं धरायचं, आणि अशा माणसाची दमवणारी चाचणी घ्यायची ती डॉक्टर, ईसीजी आणि औषधांची सोय हाताशी असलेल्या ठिकाणीच. काका तापले. सरांनी त्यांना स्टॉपवॉच दिलं आणि वेळ बघायला बसवलं, तेव्हा कुठे थोडे निवळले.

माझ्या फॉर्मवर घराण्याच्या रकान्यात एक ओळ होती. पन्नाशीच्या आत कुणी हृदयविकाराने गेलं आहे का? मामा. रावपुऱ्यात राहायचा, ४३ वर्षांचा होता. रात्री जेवण झालं, ॲसिडिटी म्हणून सोडा प्यायला आणि पहाटेपर्यंत संपला. घरात ही गोष्ट "मामा अचानक गेला" एवढीच आहे. त्यावर कुणी पुढे काही बोलत नाही. ताईंनी विचारलं, आईचं कोलेस्टेरॉल? मी म्हटलं, गोळी घेते, बरीच वर्षं. "तुझं कधी बघितलंयस?" ऑफिसच्या तपासणीत साखर बघितली होती. ताईंनी मामाच्या ओळीभोवती पेनाने चौकट काढली आणि म्हणाल्या, आजची टेस्ट कर, हे आपण नंतर बोलू. मला वाटलं, सुटले.

मग बीपी. यात काही विशेष नाही असं वाटतं, पण माणसं खरी चुकतात ती इथे. स्कूटरवरून आले होते, गप्पा चालू होत्या, तशीच खुर्चीत बसले तर १४६/९०. ताईंनी तो आकडा लिहिलाच नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर, तोंड बंद. लघवी तुंबवून बसायचं नाही, तेही आकडा वाढवतं. मग १२८/८२. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच वाढलेलं दिसतं. आमच्यातल्या एका कुस्तीगिराचं बीपी या पट्ट्यापायीच उगाच जास्त नोंदलं गेलं होतं. पोरांच्या दोन्ही दंडांचं बीपी घेतलं, जांघेतली नाडी पाहिली, बसवून आणि उभं करून स्टेथोस्कोप लावला. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असण्याचा एक आजार असतो. तरण्या खेळाडूंच्या अचानक मृत्यूच्या कारणांत त्याचं नाव वर असतं, आणि त्यातला आवाज बऱ्याचदा उभं राहिल्यावर वाढतो, म्हणून ही बसउठ. पस्तिशीपुढे चित्र बदलतं. तिथे मुख्य कारण म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तुंबणं. म्हणजे खो-खोच्या पोराला आणि मला विचारायचे प्रश्नच वेगळे.

ईसीजीला हॉलच्या कोपऱ्यात साडीचा पडदा लावला होता. नर्सबेन गुजराती, गंमतीच्या. थंड जेल लावताना मी दचकले तर म्हणाल्या, "शांति राखो बेन, हमणां थई जशे." मिनिटभराचं काम. मशीनने कागदाच्या वरच्या बाजूला आपलं मत छापलं: असामान्य. माझ्या पोटात गोळा. ताईंनी कागद वाचला आणि हसल्या. मशीनला माहीत नाही की तू धावतेस. मंद ठोके आणि लाटेचा एक विशिष्ट उठाव हे धावणाऱ्यांत नेहमीचं असतं. खेळाडूंचे ईसीजी वाचायचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत, त्यात हे सर्वसाधारण धरलंय. उलट काही बदल असे की खेळाडू कितीही ठणठणीत दिसो, पुढची तपासणी झाल्याशिवाय त्याला खेळू द्यायचं नाही. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्याला कायद्यानेच तपासणी आणि ईसीजी लागतो. तिथल्या व्हेनेटो भागात नंतरच्या काळात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू खूप घटल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत मात्र सरसकट ईसीजीचा आग्रह नाही, कारण खोट्या घंटाही खूप वाजतात. माझी तर पहिल्याच कागदावर वाजली होती, त्यामुळे मला दोन्ही बाजू पटल्या.

एक गोष्ट ताईंनी तेव्हाच सांगून ठेवली. पडून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे नळ्या मोकळ्या असं नाही.

आता बाक. सरांचा जीव त्यातच होता. हार्वर्ड स्टेप टेस्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, ब्रूहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये मांडलेली. हजारो तरुणांचा दम थोड्या वेळात, यंत्राशिवाय अजमावायचा होता. पुरुषांना वीस इंचांचा बाक, बायकांना सोळा. मिनिटाला तीस चढउतार, पाच मिनिटं. लय चुकू नये म्हणून मोबाइलवर मेट्रोनोम १२० वर लावला: टक, टक, टक, टक, चार टोल्यांत एक चढउतार. वर पूर्ण सरळ उभं राहायचं. गुडघे वाकलेले ठेवून उरकलं तर सरांची शिटी वाजते. माझे वडील लहानपणी दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचे. तिथल्या जोर-बैठकांचं कौतुक ऐकत मी वाढले, म्हणून मला वाटलं होतं की बाकावर चढणं काय मोठंसं. तिसऱ्या मिनिटाला मांड्या पेटल्या. चौथ्या मिनिटात बाकाची उंची वाढली असं वाटायला लागलं. माझी उंची बेताची आहे, आणि बुटक्या माणसाला हा बाक अन्यायच करतो. हे सरांनाही मान्य आहे, पण त्यांचं म्हणणं, तुझी तुलना तुझ्याशीच.

पाच मिनिटं झाली की लगेच बसायचं. नंतर एक ते दीड मिनिट, दोन ते अडीच, तीन ते साडेतीन या तीन अर्ध्या मिनिटांचे ठोके मोजायचे. माझे ६८, ५७ आणि ५०, बेरीज १७५. टिकलेले सेकंद गुणिले शंभर, भागिले बेरजेची दुप्पट: ३०००० भागिले ३५०, म्हणजे ८६. नव्वदच्या वर उत्कृष्ट, ऐंशीच्या घरात चांगला, ५५ च्या खाली कमजोर. मी मनातल्या मनात पेढे वाटले. माझ्या शेजारी जिममध्ये दंड कमावलेला एक मुलगा २०० सेकंदांत खाली बसला, बेरीज १९०, गुण ५३. त्याचा चेहरा बघवेना.

आणि मग एका गृहस्थांचे आले ९७. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी त्यांचा फॉर्म उलटून पाहिला आणि विचारलं, बीपीची कोणती गोळी? ती ठोके मंद करणाऱ्या जातीची निघाली, बीटा ब्लॉकर. अशी गोळी चालू असली की नाडी वर जातच नाही, मग गुण फुगतात. "हे गोळीचे गुण," ताई म्हणाल्या. नाडीवर आधारलेल्या सगळ्याच चाचण्यांना हा धोका आहे. त्या माणसाचं मोजमाप पळालेलं अंतर आणि लागलेली धाप यांवरच करायला हवं. गोळी मात्र टेस्टसाठी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे ताईंनी तिथेच तिघा-चौघांना बजावलं.

पंचावन्नच्या पुढच्यांना ताईंनी वीस इंच नाकारले. त्यांच्यासाठी बारा इंचांची पायरी, मिनिटाला चोवीस चढउतार, तीनच मिनिटं, आणि बसल्यावर पुढचं सबंध मिनिट ठोके मोजायचे. ज्यांना तेही नको त्यांना एक मैल, म्हणजे सोळाशे मीटर, भराभर चालणं. वेळ आणि शेवटची नाडी यांवरून अंदाज बांधता येतो.

दम खाऊन, पाणी पिऊन, तासाभराने धावपट्टीवर गेलो ते बारा मिनिटांच्या धावेला. शास्त्र म्हणून पाहिलं तर ही धाव दुसऱ्या दिवशी घ्यायला हवी, पण रविवार एकच होता. केनेथ कूपर हे अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर, १९६८ मध्ये त्यांनी ही चाचणी मांडली. बारा मिनिटांत जेवढं जमेल तेवढं अंतर. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागलं की शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज येतो. मी पाच फेऱ्या आणि वर दीडशे मीटर पळाले, २१५० मीटर, गणित ३६.८ आलं. सूत्र हवाई दलातल्या पुरुषांवरून काढलेलं आहे, त्यामुळे दशांशावर जीव टाकण्यात अर्थ नाही. पोरांसाठी शिट्यांच्या तालावर वीस मीटर इकडून तिकडे पळायची शटल होती: ताशी साडेआठ किलोमीटरने सुरू, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वेग वाढतो. क्रिकेटवाल्यांची यो-यो तिचीच बहीण, फक्त तिच्यात दर चाळीस मीटरनंतर दहा सेकंदांचा विसावा असतो. पोरं शेवटी ट्रॅकवर आडवी पडली आणि सरांनी त्यांना उठवून चालवलं. एकदम थांबलं की पायांत रक्त साचून डोळ्यांसमोर अंधारी येते.

धावेनंतर मला सर्वांत उपयोगी वाटलेला आकडा मिळाला, तोही फुकट. शेवटचे ठोके आणि एक मिनिट सावकाश चालल्यानंतरचे ठोके यांतला फरक. मी ग्रुपचा ठोके मोजणारा छातीचा पट्टा बांधला होता: १६९, मिनिटाने १३७. बत्तीसची उतरण. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या अभ्यासात, ट्रेडमिलनंतर पहिल्या मिनिटात बारा किंवा त्याहून कमीच ठोके उतरणाऱ्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं. तो अभ्यास हृदयाच्या तपासणीला आलेल्या रुग्णांचा आहे, धावपटूंचा नाही. तरी स्वतःची उतरण माहीत असणं बरं. थकवा साठला की ती कमी होते, हे मी त्यानंतर पाहिलंय.

मनगटी घड्याळांबद्दल एवढंच. एका मुलाचं घड्याळ धावताना सतत १७२ दाखवत होतं. सरांनी त्याची पावलं मोजली, मिनिटाला १७२. सैल बांधलेल्या घड्याळाचा हिरवा दिवा बऱ्याचदा नाडीऐवजी पावलांची लय पकडतो. घट्ट बांधलं तर बरं चालतं, छातीचा पट्टा त्याहून भरवशाचा, आणि बोटं तर आहेतच. तसंच ते २२० वजा वय. माझ्या ४६ व्या वर्षी त्यातून १७४ येतात, आणि २०८ वजा वयाच्या सात दशांश या नंतरच्या सूत्रातून १७६. दोन्ही सरासऱ्या, सख्ख्या बहिणींतही दहा-पंधरा ठोक्यांचा फरक पडू शकतो.

परत हॉलमध्ये आलो तर ताईंनी जमिनीवर लोड टाकले होते. कुणी कोसळलं तर काय करायचं, ते शिकल्याशिवाय सेव-उसळ नाही. हाक मारा, श्वास बघा, नीट श्वास नसेल तर एकाने १०८ लावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दाबायला लागा. पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशे वीस. सकाळचा मेट्रोनोम पुन्हा लागला, त्याच १२० वर. दोन मिनिटांत मनगटं भरून आली. बाकापेक्षा हे जड. २०२१ च्या युरो सामन्यात डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळला आणि वाचला तो लगेच सुरू झालेल्या दाबण्यामुळे आणि शॉकच्या यंत्रामुळे. एवढा नामांकित खेळाडू, तपासण्या न झालेला थोडाच असेल? गाळणी कितीही बारीक घेतली तरी काही जण निसटतातच, म्हणून मैदानावर दाबता येणारे हात हवेत, असा ताईंचा हिशोब. शॉकचं यंत्र आमच्याकडे नाही. जवळात जवळ ते कुठे आहे याचा शोध आता सर घेताहेत.

शेवटी मी ताईंकडे गेले. बोलू म्हणाल्या होत्या ना. मी ८६ चा कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण हे गुण पायांना आणि फुप्फुसांना मिळालेत. नळ्यांना आज कुणी काही विचारलंच नाही."

मला राग आला, खरं सांगते. सकाळपासून घाम गाळून मिळवलेली गोष्ट एका ओळीच्या चौकटीने खोडायची? पण त्यांनी समजावलं ते बिनतोड होतं. नळीच्या भिंतीत चरबीचा थर वर्षानुवर्षं साठतो आणि अर्ध्याहून जास्त अरुंद होईपर्यंत धावणाऱ्याला पत्ताही लागू देत नाही. असा थर फुटून तिथे रक्ताची गाठ होते, तेव्हाच तो पहिल्यांदा बोलतो. दम चांगला असणाऱ्याला धोका कमी असतो हे खरं, शून्य नसतो. त्यात आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षं आधी येतो. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्याकडच्या लोकांच्या पहिल्या झटक्याचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्यांचं ५९ च्या आसपास. मामा थेट आई-वडील किंवा भावंडांइतका जवळचा नसला, तरी आईचीही गोळी आहे म्हटल्यावर धागा सरळ माझ्यापर्यंत येतो.

रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, १७२. रोज पळणारी, तळलेलं बेताने खाणारी बाई आणि १७२! लिपोप्रोटीन-ए या रक्तातल्या आणखी एका घटकाचीही तपासणी केली. त्याची पातळी जन्मजात ठरलेली असते, व्यायामाने हलत नाही, म्हणून तपासणी आयुष्यात एकदा करून ठेवली तरी चालते. ती माझी ठीक आली. इको नॉर्मल. मग हृदयरोगतज्ज्ञांकडे ट्रेडमिल, म्हणजे ज्या पट्ट्याला बगल द्यायला हा सगळा खटाटोप केला त्यावरच चढले. निर्वेध पार पडलं. गोळी सुरू करायची की आधी खाण्यात बदल करून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघायचं, यावर थोडी घासाघीस झाली. मी तीन महिने मागून घेतले आहेत. आईला मात्र हे कळल्यावर तिने पहिल्यांदाच मामाबद्दल सगळं सांगितलं. त्याच्या आधीही छातीत दाटल्याच्या तक्रारी होत्या म्हणे. माझ्या भावाला आणि दोन्ही मावसभावांना आता रक्त तपासायला पाठवलंय. एकाने अजून टाळलंय.

सरांच्या वहीत माझा रकाना पुढच्या खेपेसाठी मोकळा आहे. तोच बाक, सकाळची तीच वेळ, मोजणारी व्यक्तीही तीच, असं त्यांनी ठरवलंय. फक्त हवा वेगळी असेल. बडोद्याच्या ऑक्टोबरच्या उकाड्यातले ठोके आणि जानेवारीच्या गारठ्यातले ठोके शेजारी ठेवून फुशारकी मारायची नाही, हे त्यांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून टाकलंय.

काकांचं म्हणाल तर काकूंनी त्यांना त्याच आठवड्यात नेलं. ट्रेडमिल नॉर्मल, बाकी तपासण्याही नॉर्मल. दाटणं बहुधा पित्ताचंच. काका जिंकल्याच्या थाटात रिपोर्ट घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "उगाच अडवलंत ना मला?" ताई म्हणाल्या, "हो. आणि आता निर्धास्त सोडते." त्यांच्यापुढे बारा इंचांची पायरी ठेवली तेव्हा काकांनी तिच्याकडे बघितलंच नाही, त्यांना वीस इंचांचा बाक हवाय, आणि त्यावरून सरांशी त्यांचा वाद अजून चालू आहे.